मदतीने माणूस आळशी होतो काय?

हळदीकुंकू असो, भिशी असो, नाहीतर दळणाच्या गिरणीपुढची रांग असो. २०२४ सालापासून आपल्याकडे चार बायका जमल्या की एक विषय हटकून निघतो. सरकारने बायकांना दरमहा दीड हजार रुपये सुरू केले, आता धुण्याभांड्याला बाई मिळणार कशी? गावाकडून पाहुणे आले की तेही तेच सांगतात. खुरपणीला बायका येत नाहीत, कापूस वेचायला येत नाहीत, घरबसल्या मिळाल्यावर उन्हात कोण मरायला जाईल? २०२५ च्या फेब्रुवारीत तर एका सुनावणीत सर्वोच्च न्यायालयातील न्यायमूर्तींनीच, अशा फुकटच्या योजनांमुळे लोक कामाला तयार होत नाहीत व महाराष्ट्रात शेतीला मजूर मिळत नाहीत, असे म्हटल्याचे वर्तमानपत्रांत आले होते.

माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. राजकारण मला कळत नाही आणि या स्मरणिकेत ते आणावयाचेही नाही. परंतु स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा म्हणून आपल्या चिटणीसबाईंनी आग्रह धरला, तेव्हा वाचनालयातील दुष्काळावरची चार पुस्तके मी चाळली आणि घरी सासूबाईंना बोलते केले. त्यातून एवढे ध्यानात आले की हा प्रश्न दीड हजारांबरोबर जन्मलेला नाही. आपल्या महाराष्ट्रात तो दीडशे वर्षांचा जुना आहे, आणि त्याचे मूळ तर विलायतेत आहे.

इंग्लंडमध्ये १७९५ साली भाकरी म्हणजे त्यांचा पाव फार महागला. फ्रान्सशी लढाई चालू होती, पीकही बुडाले होते. तेव्हा बर्कशायर परगण्याच्या न्यायाधीशांनी स्पीनहॅमलंड नावाच्या गावी बैठक भरवून एक कोष्टक केले. पावाची किंमत अमुक झाली आणि घरात खाणारी तोंडे अमुक असली, तर मजुराच्या मिळकतीत जेवढी तूट येईल तेवढी गावाच्या निधीतून भरून द्यावयाची. पुढे तीसएक वर्षांनी ओरड सुरू झाली की यामुळे मजूर आळशी झाले, लवकर लग्ने करू लागले, पोरे वाढवू लागले. मालकांनीही ओळखले की आपण मजुरी कमी दिली तरी उरलेली गाव भरतेच आहे! (यात आळस कोणाचा आणि लबाडी कोणाची, हे ज्याने त्याने ठरवावे.) शेवटी १८३४ साली कायदा बदलला. धडधाकट माणसाला मदत हवी तर त्याने घरदार सोडून कामगृहात यावे. तेथे नवरा एकीकडे, बायको दुसरीकडे, मुले तिसरीकडे. आणि तेथील जिणे बाहेरच्या सर्वांत गरीब मजुराच्या जिण्यापेक्षाही वाईट ठेवावयाचे, म्हणजे कोणी हौसेने येणार नाही. पुढच्या काळातील इतिहासकारांनी जुनी कागदपत्रे तपासून दाखविले की त्या वेळच्या चौकशी मंडळाने आपले मत आधीच ठरविले होते आणि स्वतःच गोळा केलेली माहितीही नीट पाहिली नव्हती. पण कायदा व्हावयाचा तो होऊन गेला होता, आणि त्याच विचारात वाढलेले साहेब लोक इकडे राज्य करावयास आले.

आता १८७६ चा दुष्काळ पाहा. दख्खनमध्ये पाऊस फसला. सोलापूर, विजापूर, अहमदनगर, सातारा, पुण्याचा पूर्व भाग, सगळीकडे हाहाकार. सरकारने दुष्काळी कामे काढली. १८७७ च्या जानेवारीत व्हॉइसरॉय लॉर्ड लिटन यांनी सर रिचर्ड टेंपल यांना मद्रास व मुंबई इलाख्यात पाहणीसाठी पाठविले. या टेंपल साहेबांची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. तीनच वर्षांपूर्वी बिहारात दुष्काळ पडला असता याच गृहस्थांनी ब्रह्मदेशातून लाखो टन तांदूळ आणवून लोकांना जगविले होते. तेथे भूकबळी जवळजवळ पडलेच नाहीत. त्याबद्दल त्यांना शाबासकी मिळावयास हवी होती. मिळाली काय? तर उधळपट्टी केल्याचा ठपका! तो ठपका मनात ठेवूनच ते इकडे आले असावेत. त्यांनी कामावरची मजुरी कमी केली. दिवसभर कष्ट करणाऱ्या पुरुषाला एक पौंड धान्य आणि वर एक आणा. बाईला व काम करणाऱ्या मुलाला त्याहूनही काही कमी.

एक पौंड म्हणजे आपले साडेचारशे ग्रॅम. हिशोब आपणा बायकांना कोणी शिकवावयास नको. ज्वारीच्या मध्यम भाकरीला शंभर ग्रॅम पीठ लागते. म्हणजे दिवसाला साडेचार भाकरी. टिकाव मारणाऱ्या, खडी फोडणाऱ्या गड्याला! वरच्या एका आण्यात दुष्काळातल्या भावाने डाळ, मीठ, मिरची, सरपण काय काय बसवावयाचे? मद्रासचे आरोग्य अधिकारी डॉक्टर कॉर्निश यांनी तेव्हाच लिहून कळविले की एवढ्यावर माणूस काम करीत जगू शकणार नाही. निदान दीड पौंड धान्य हवे आणि सोबत डाळ व भाजी हवी. पण वरिष्ठांचे म्हणणे असे की मजुरी पोटभर ठेवली तर गरज नसलेलेही कामावर येऊन बसतील. त्याच कारणासाठी कामे गावापासून दूर, दहा मैलांपलीकडे काढावयाची, म्हणजे खरा गरजूच तेवढे चालत येईल. दहा मैल चालण्याइतके त्राण ज्याच्या अंगात उरलेले नाही तो खरा गरजू की खोटा, याचे उत्तर त्या नियमात नव्हते.

तेव्हा आपल्या इलाख्यातील लोकांनी जे केले ते मला फार विशेष वाटते. मजुरी कमी होताच हजारो माणसे कामावरून उठून गेली. उपाशी माणसांचा तो संपच होता. पुण्याच्या सार्वजनिक सभेने, म्हणजे गणेश वासुदेव जोशी, ज्यांना आपण सार्वजनिक काका म्हणतो, आणि न्यायमूर्ती रानडे यांच्या त्या सभेने, गावोगावची माहिती गोळा करून सरकारकडे अर्जांवर अर्ज केले. त्या दोन वर्षांत ब्रिटिश मुलखात पन्नास लाखांहून अधिक माणसे गेली असा अंदाज करतात. पुढे १८८० साली दुष्काळ आयोगाचा अहवाल आला, त्यावरून दुष्काळ संहिता तयार झाल्या, आणि संकटकाळी काम देणे हे सरकारचे कर्तव्य आहे एवढे तरी कागदावर आले. १८९६ साली पुन्हा दुष्काळ पडला तेव्हा लोकमान्य टिळकांनी ‘केसरी’तून शेतकऱ्यांना बजावले की संहितेत जे लिहिले आहे ते तुमच्या हक्काचे आहे, ते मागून घ्या.

हे सर्व पुस्तकातले. १९७२ चे मात्र मी घरात ऐकलेले आहे.

आमचे सासर माण तालुक्यातले. १९७२ साली सासूबाई सतरा वर्षांच्या होत्या, लग्न होऊन वर्षही झाले नव्हते. त्याआधीची दोन वर्षे पाऊस ओढ देतच होता, त्या वर्षी तो आलाच नाही. विहिरी आटल्या, जनावरे मिळेल त्या भावाने गेली. मग गावाजवळ सरकारी काम निघाले: पाझर तलाव, आणि पलीकडच्या रस्त्यासाठी खडी. पुरुषांनी खोदावयाचे, बायकांनी पाट्या वाहावयाच्या. खडीवर मात्र दोघेही. बांगड्या फुटून हात रक्ताळत म्हणून सासूबाईंनी मनगटांना चिंध्या गुंडाळल्या होत्या. ज्यांच्या घरच्या बाईने कधी उंबरा ओलांडला नव्हता अशा मोठ्या घरच्या बायकाही तोंडावर पदर ओढून शेजारी बसून खडी फोडीत. कामावर सुकडी मिळे. रेशनवर परदेशातून आलेला तांबडा मिलो मिळे. त्याच्या भाकरीची चव आठवली की त्या अजून तोंड वाकडे करतात.

१९७३ च्या मे महिन्यात महाराष्ट्रात अशा कामांवर पन्नास लाखांच्या आसपास माणसे होती. १९७१ च्या खानेसुमारीप्रमाणे सबंध राज्याची वस्ती पाच कोटींच्या थोडी वर. म्हणजे तान्ह्या बाळापासून म्हाताऱ्यापर्यंत सर्व धरले तरी दर दहा माणसांत एक माणूस उन्हात दगड फोडीत होते. १८७७ सारखी माणसे किड्यामुंगीसारखी मेली नाहीत याचे श्रेय पुष्कळांना आहे, पण ज्यांनी ती खडी फोडली त्यांनाही ते द्यावयास हवे.

मी सासूबाईंना मुद्दाम विचारले, "पाऊस पडल्यावर काय झाले? दर आठवड्याचे पैसे सोडून लोक गेले का?" त्या हसल्या. "अगं, मृगाचा पाऊस पडला आणि दोन दिवसांत काम ओस पडलं. मुकादम एकटाच मस्टर घेऊन बसला होता. पेरणी सोडून कोण खडी फोडील?" ही त्यांच्या एकट्या गावाची गोष्ट नव्हे. पुढे कायमची योजना झाली तेव्हाही दरवर्षी हेच दिसे. चैत्र-वैशाखात कामावर गर्दी, पेरणी-खुरपणी लागली की ती ओसरावयाची, आणि सुगी झाल्यावर पुन्हा हळूहळू भरावयाची.

ही कायमची योजना म्हणजे रोजगार हमी. तिचे श्रेय वि. स. पागे यांना जाते. ते विधान परिषदेचे सभापती होते आणि सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात विसापूर म्हणून गाव आहे, तेथले. त्या भागात १९६५ साली त्यांच्या कल्पनेचा पहिला प्रयोग झाला. मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांच्या कारकिर्दीत १९७२ मध्ये योजना सुरू झाली, १९७७ साली तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. प्रौढ माणसाने काम मागितले की पंधरा दिवसांत ते द्यावयाचे. न दिल्यास बेकारी भत्ता द्यावयाचा, मग तो दिवसाला एक रुपया का असेना. काम शक्यतो गावाजवळ. बाईला व पुरुषाला कामाचा दर एकच. कामावर पिण्याचे पाणी, सावली, आणि तान्ह्या मुलांसाठी पाळण्याची सोय.

यात एक बारकावा आहे. माणसाची पारख करण्याची कल्पना येथेही सोडलेली नव्हतीच. मजुरी बेताची आणि काम अंगमेहनतीचे ठेवले, म्हणजे ज्याचे भागते आहे तो येणार नाही. परंतु तुला गरज आहे की नाही हे साहेबाने ठरवावयाचे नव्हते, ते जिचे तिने ठरवावयाचे होते. १८७७ आणि १९७९ यांत मला हा फरक फार मोठा वाटतो.

आणि याचा पैसा कोठून आला ठाऊक आहे? आपल्या घरांतून! ज्यांची माणसे नोकरीत आहेत त्यांनी पगाराचा कागद काढून पाहावा. त्यात महिन्याला दोनशे रुपये, आणि फेब्रुवारीत तीनशे, ‘व्यवसाय कर’ म्हणून कापलेले दिसतील. हा कर १९७५ साली रोजगार हमीसाठीच बसविला गेला, आणि शहरातल्या लोकांनी जेवढे दिले तेवढीच भर सरकारने घालावयाची असे ठरले. शहरात बसून खेड्यातल्या बायकांना आयतखाऊ म्हणण्यापूर्वी आपल्या आईवडिलांच्या पिढीने हा भार काही कुरकुर न करता उचलला होता, हेही आठवावे. (कुरकुर झाली असेल म्हणा. कर कोणाला आवडतो?)

योजनेत सगळे गोडच होते असे मात्र नाही. ‘रोजगार हमी, अर्धे तुम्ही, अर्धे आम्ही’ हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. खोटी मस्टरे भरली गेली, मेलेल्यांच्या नावावर मजुरी निघाली, मजुरीची वाट पाहण्यात आठवड्यावर आठवडे गेले. १९८८ साली किमान वेतनाशी मेळ घालण्यासाठी मजुरी जवळजवळ दुप्पट करावी लागली. मजुरी वाढली म्हणजे कामावर गर्दी उसळावयास हवी होती; झाले उलटेच, कामावरची संख्या घटली. अभ्यासकांनी त्याचे कारण असे दिले की सरकारला तो खर्च झेपेना आणि मागेल त्याला काम देण्यात हात आखडता घेतला गेला. कागदावर हमी तशीच राहिली. म्हणजे कामाला कंटाळलेला पक्ष कोणता, हे पुन्हा ज्याने त्याने पाहावे.

मुख्य प्रश्न राहिला. सरकारी काम मिळाल्यावर लोक आपले नेहमीचे काम टाकीत होते का? याचा शोध सोलापूर जिल्ह्यातील शिरापूर आणि अकोला जिल्ह्यातील कंझारा या दोन गावी घेतला गेला. तेथे वर्षानुवर्षे घरोघरचा कामाचा हिशोब ठेवलेला होता, त्यावरून गौरव दत्त आणि मार्टिन रावेलियन या दोन अभ्यासकांनी १९९४ साली निष्कर्ष मांडले. रोजगार हमीवर मिळालेल्या रुपयातले सुमारे चार आणेच काय ते, दुसरे काम सुटल्यामुळे बुडाले होते. बाकीचा वेळ मूळचा बिनकामाचाच होता. शिवाय घरातले एक माणूस हमीच्या कामावर गेले की त्याचे सुटलेले काम घरातल्या दुसऱ्यांनी उचलले होते.

हे वाचून मी सासूबाईंना सांगितले, तर त्यांना त्याचे काहीच नवल वाटले नाही. त्यांच्या घरी १९७२ साली तेच झाले होते. त्या कामावर जात म्हणून पाणी मामंजी आणू लागले. आणखी एक गोष्ट झाली. तोवर घरात बायकांचे जेवण सर्वांत शेवटी, आणि नव्या सुनेचे त्याहून शेवटी. पातेल्यात उरेल ते. खडीवर जाण्यास उशीर होऊ नये म्हणून त्यांच्या सासूने त्यांना सकाळी सर्वांच्या आधी ताट वाढले. पहिल्या आठवड्याची मजुरी त्यांनी रिवाजाप्रमाणे मामंजींच्या हाती दिली. तिसऱ्या की चौथ्या आठवड्याला मामंजींनी त्यातले काही पैसे परत त्यांच्यापुढे ठेवले. "मस्टरावर तुझं नाव आहे," एवढेच बोलले. पाऊस पडला, काम संपले, आणि सूनबाई पुन्हा शेवटी जेवू लागल्या. सासूबाई हे तक्रारीच्या सुरात सांगत नाहीत. पण कोणत्या महिन्यात सुरू झाले आणि कोणत्या महिन्यात बंद झाले, हे त्यांना पन्नास वर्षांनंतरही पाठ आहे.

पुढे २००५ साली केंद्र सरकारने सबंध देशाच्या ग्रामीण भागासाठी वर्षाला शंभर दिवस कामाचा कायदा केला, तो आपल्या या हमीच्याच वळणावर. त्याबद्दल आपण सर्वांनी पुष्कळ ऐकले आहे, तेव्हा येथे लिहीत नाही.

आता दीड हजारांकडे वळते. ही मदत वेगळ्या जातीची आहे हे मला मान्य आहे. तीत खडी फोडावी लागत नाही. एकवीस ते पासष्ट वर्षांची बाई आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत, अशा अटींवर २०२४ च्या जुलैपासूनचे पैसे तिच्या खात्यात जमा होऊ लागले. तेव्हा येथे तरी आळस येईल का? हिशोब करू. आमच्या गावी २०२५ साली खुरपणीला बाईचा रोज तीनशेच्या आसपास होता. म्हणजे महिन्याचे दीड हजार ही पाच दिवसांची मजुरी झाली. पाच दिवसांच्या पैशावर पंचवीस दिवस घरी बसून राहणारी बाई मला तरी दाखवा! गॅसची टाकी, मुलांचे वह्या-पेन, एखादे दुखणे, यातच ती रक्कम वितळून जाते.

तरीसुद्धा गावाकडचे पाहुणे खोटे बोलतात असे मी म्हणणार नाही. काही बायका काही ठिकाणी खरोखरच जाईनाशा झाल्या आहेत. कोठे, ते मी चौकशी करून पाहिले. जो मालक संध्याकाळी पैसे न देता ‘पुढच्या बाजाराला ये’ म्हणतो, त्याच्याकडे. जेथे भर दुपारी पाण्याला सुटी नाही, तेथे. अंगात ताप असताना पूर्वी जाणारी आता एक दिवस पडून राहते. मालकाला हे गैरसोयीचे वाटणारच. आपल्यालाही वाटते, आपणही मालकिणीच आहोत. धुण्याभांड्याची बाई महिन्यातून दोन दिवस सुटी मागू लागली तर आपण तिला आळशी म्हणतो की आजारी, हे मंडळातल्या प्रत्येकीने आपापल्या घरी तपासून पाहावे.

घरातल्या माणसांचे वागणे मात्र या पैशाने कोठे सुधारते, कोठे बिघडतेही. आपल्यातल्याच एका भगिनीच्या (नाव सांगत नाही) यजमानांनी, तिच्या खात्यात पैसे येऊ लागल्यापासून भाजीपाल्याचे पैसे देणे बंद केले. "तुला सरकार देते ना?" असे म्हणतात. स्पीनहॅमलंडचा मालक आणि हे गृहस्थ यांच्यात मला फारसा फरक दिसत नाही. दुसरा कोणी भरतो आहे असे दिसताच आपला हात मागे घ्यावयाचा! मदतीने माणसाचे वळण बिघडते हे खरे असेल, तर बिघडणारा नेहमी मदत घेणाराच असतो असे नाही, त्याच्या आजूबाजूचेही असतात. दुसऱ्या एकीने उलट केले. तिने वर्षभर त्या पैशाला हात लावला नाही, मग शिलाईचे यंत्र घेतले. आता ती दिवसाचे बारा तास काम करते. तिला आळशी म्हणावयाचे असल्यास तिच्याकडे ब्लाउज शिवायला टाकलेल्या बायकांनी म्हणावे.

आमच्या सासूबाईंना दीड हजार मिळत नाहीत. योजना सुरू झाली तेव्हा त्यांना एकोणसत्तरावे लागले होते आणि योजना पासष्टला थांबते. "पासष्ट झाली की बाई बहीण राहत नाही का गं?" एवढे म्हणून त्यांनी तो विषय सोडला. पण शेजारच्या घरातील नव्या सुनेचा अर्ज त्यांनीच तिला बरोबर नेऊन भरविला. घरच्यांचे म्हणणे नवऱ्याबरोबर एकत्र खाते चालेल असे होते. सासूबाईंनी तिला बँकेत नेले, तिच्या एकटीच्या नावे खाते उघडविले, आणि पासबुक हाती आल्यावर त्यावरचे नाव माझ्याकडून दोनदा वाचून घेतले.